दोन वर्षांत कोणी इंजिनिअर होतो का?

शेजारच्या मुलाने बारावी सायन्सनंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन दोन वर्षांत मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. "दोन वर्षांत कोणी इंजिनिअर होतो का? डिग्री करून टाक, मगच नोकरीचं बघ," असं एका काकांनी त्याला सुनावलं आणि माझं डोकं फिरलं.

डिग्रीवाले बेकार किती, हे वाचकांना सांगायला नको. मला नेहमी नोकरीत शिरणं आणि नोकरीत चढणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याशा वाटतात. शिरायला डिप्लोमा पुरतो. चाकणच्या एखाद्या शॉपमध्ये जॉब मशीनवरून उतरला, की मायक्रोमीटर लावून 0.01 मिलिमीटरचा फरक पकडायचा, ऑफसेट बदलायचा, रजिस्टरात नोंद करायची. हे काम डीईटी, म्हणजे डिप्लोमावाला ट्रेनी, आणि डिग्रीवाला जीईटी शेजारीशेजारी उभे राहून शिकतात. पगार मात्र निराळे.

काकांचं म्हणणं, डिग्रीत डिप्लोमा आलाच. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. जम्मू-काश्मीरच्या वीज खात्यात टेक्निशियनच्या जागांना आयटीआयची अट होती. आपलं शिक्षण वरचं, म्हणून डिप्लोमावाल्यांनी हक्क सांगितला. 2018 मध्ये न्यायालयाने तो मानला नाही. 2021 मध्ये हिमाचलच्या वीज मंडळात डिप्लोमाची अट असलेल्या कनिष्ठ अभियंत्याच्या जागांवर मात्र डिग्रीवाले चालतील, असा निकाल आला. तिथल्या नियमांत पुढच्या बढतीसाठी डिग्रीवाल्या कनिष्ठ अभियंत्यांचा वाटा आधीच राखलेला होता. तेव्हा काकांचा सिद्धान्त सरसकट खरा नाही, ज्या त्या भरतीचा नियम बघायचा.

इथवर मी जिंकत होतो. पण हा दुसरा निकाल माझ्याच अंगावर येतो. डिप्लोमाच्या जागेवर डिग्रीवाला शिरू शकत असेल आणि बढतीतही त्याचा वाटा वेगळा असेल, तर 'डिप्लोमा पुरतो' हे मी कोणत्या तोंडाने सांगू? डिग्री लागणार. काकांचा फक्त क्रम चुकला. डिप्लोमावाल्याला डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, आणि नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेचे वर्ग चालवायला एआयसीटीईने आता महाविद्यालयांना मुभा दिली आहे.

म्हणून त्या मुलाला माझं सांगणं एवढंच, की नोकरी आधी धर. पण ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचार. डीईटीला किती वर्षांत कोणती ग्रेड मिळते? आणि संध्याकाळच्या वर्गासाठी शिफ्ट बदलून मिळेल का?