नियमात बसले म्हणजे झाले?

कायदा उघड मोडणारा माणूस ओळखायला सोपा असतो. पंचाईत होते ती प्रत्येक नियम पाळून नियमाचा हेतूच हाणून पाडणाऱ्यापुढे. दक्षिण आफ्रिकेच्या अपील न्यायालयातील न्यायमूर्ती ऑलिव्हर श्रायनर यांची कारकीर्द याच प्रश्नावर पणाला लागली. तिथल्या मूळ राज्यघटनेत केप प्रांतातील गोरेतर मतदारांच्या हक्काला एक कवच होते. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत दोन तृतीयांश मते मिळाल्याशिवाय तो हक्क काढता येत नव्हता. आफ्रिकी मतदारांना १९३६ मध्येच वेगळ्या यादीत टाकले गेले होते. १९५१ मध्ये नॅशनल पक्षाच्या सरकारने मिश्रवंशीयांनाही साध्या बहुमताने सामाईक यादीतून वगळले, तेव्हा ब्लुमफाँटेनच्या या अपील न्यायालयाने १९५२ मध्ये तो कायदा एकमताने रद्द केला. त्या पीठावर श्रायनर होते.

सरकारने मग वाट बदलली. १९५५ मध्ये अशा खटल्यांसाठी अकरा न्यायाधीशांचे पीठ सक्तीचे झाले आणि नवे न्यायाधीश आले. सिनेटची सदस्यसंख्या ४८ वरून ८९ केली गेली. दोन तृतीयांशांचा आकडा सहज जमला आणि १९५६ मध्ये तोच मताधिकार रीतसर गेला. प्रकरण पुन्हा न्यायालयात आले, तेव्हा अकरापैकी दहा न्यायाधीश म्हणाले, सिनेटची रचना साध्या बहुमताने बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. तो तिने वापरला, हेतू पाहणे आमचे काम नाही. श्रायनर एकटे वेगळे राहिले. सिनेट वाढवणारा आणि मताधिकार काढणारा हे दोन्ही कायदे मिळून एकच योजना आहे, आणि याच कामासाठी फुगवलेले सिनेट म्हणजे संरक्षक कलमाला अभिप्रेत असलेले सभागृह नव्हे, अशी त्यांची मांडणी होती.

यावर आक्षेप येतो, की न्यायाधीश हेतू शोधू लागले तर उद्या कोणताही कायदा टिकणार नाही. आक्षेप गंभीर आहे. पण इथे कुणाच्या मनात शिरावे लागत नव्हते, सगळी योजना उघड्यावर होती. बेनामी व्यवहारातही कागद पक्के असतात, तरी पैसा कोणाचा हे विचारले जातेच. दुसरा आक्षेप निष्फळतेचा. श्रायनर यांच्या भिन्नमताने एकाचेही मत वाचले नाही. उलट सरन्यायाधीशपदासाठी १९५७ मध्ये आणि पुन्हा १९५९ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठांना नेमले गेले. तरीही त्या एका निकालपत्रामुळे इतर दहांना ‘कायद्यापुढे इलाज नव्हता’ असे म्हणण्याची सोय उरली नाही. इलाज होता, तो त्यांनी निवडला नाही, हे त्याच निकालाच्या पानांत नोंदले गेले. तिसरा आक्षेप मात्र पुरता खोडता येत नाही. ज्यांचा हक्क गेला त्यांच्यातला एकही माणूस न्यायासनावर नव्हता, आणि वर्णभेदी राज्याच्या त्या न्यायालयात श्रायनर १९६० पर्यंत बसले. एका भिन्नमताने ती व्यवस्था स्वच्छ ठरत नाही. पण माणूस सदोष चौकटीत काम करत होता म्हणून त्याचा अचूक युक्तिवाद चुकीचाही ठरत नाही.

संस्थेच्या सभेत किंवा कार्यालयात ‘यात बेकायदा काय आहे?’ असे कोणी विचारले, की आपण बहुधा गप्प बसतो. त्या वेळी सुटा ठराव पाहू नका. सगळे ठराव एकत्र ठेवा, त्यातून कोणाचे काय जाते ते विचारा, आणि उत्तर पटले नाही तर आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या.