हिरवी आणि पांढरी

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना गावी मधमाश्यांवर संशोधन चालतं. तिथल्या आवारात एका उन्हाळ्यात एक विचित्र पेटी मांडली गेली. आत एक राणी, थोडा पिलावा म्हणजे अंडी-अळ्या, थोडा मध आणि हजारभर कामकरी माश्या. विचित्र एवढंच की या कामकरी एकाच दिवशी जन्मलेल्या होत्या. घरात वडीलधारं कुणीच नाही. अशा पेट्या तिथे मुद्दाम तयार करतात. पिलाव्याच्या चौकटी उबदार कपाटात ठेवायच्या, माश्या घरं फोडून बाहेर आल्या की पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा आणि एका राणीच्या पदरात टाकायच्या. माश्यांचे संवाद माझे आहेत. त्यांच्या अंगात आणि डोक्यात जे घडलं, ते मात्र अशाच पेट्यांमधून संशोधकांनी मोजलेलं आहे.

या पेटीत दोघी होत्या, एक हिरव्या ठिपक्याची, एक पांढऱ्या. राणी अनेक नरांशी संग करते, म्हणून पेटीतल्या पुष्कळ बहिणी सावत्र असतात. या दोघींचा बापही एकच होता.

भरल्या घरात माशी पहिले दोन-तीन आठवडे आतच असते. घरं पुसते, अळ्यांना दूध पाजते, मेण काढते, आलेला मकरंद साठवते. मग कुठे रानाची वाट. तोवर तिला आत थांबवून धरतात त्या रानातून येणाऱ्या मोठ्या बहिणी, आणि त्याही दटावून नव्हे. त्यांच्या अंगात एथिल ओलिएट नावाचं एक रसायन असतं. ते धाकट्यांपर्यंत पोचत राहिलं की धाकट्यांचं मोठं होणं लांबतं. या पेटीत थांबवणारं कुणीच नव्हतं आणि मध संपत चालला होता.

आठवडा उलटला आणि हिरवी दारात आली. तिच्या मेंदूमागच्या दोन इवल्या ग्रंथी ज्युवेनाइल हार्मोन हे संप्रेरक जास्त सोडू लागल्या होत्या. एरवी त्याला आवर घालणारं व्हायटेलोजेनिन हे प्रथिन तिच्या रक्तात घटलं होतं. तिळापेक्षा लहान अशा त्या मेंदूत कित्येक जनुकं जागी झाली, कित्येक मंदावली. सगळं संप्रेरकानंच केलं असं म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो, पण त्या ग्रंथी काढून टाकलेल्या माश्याही पुढे रानात जातात, फक्त उशिरा. म्हणजे संप्रेरक घाई करतं, ढकलणारं आणखीही काही असतं.

हिरवी क्लोव्हरच्या फुलांवरून आली ती मागच्या पायांवर परागाचे गोळे घेऊनच. वयाच्या दुप्पट-तिप्पट मोठ्या माश्यांचं काम तिनं केलं होतं आणि ते तिच्या चालण्यात दिसत होतं.

"तू अजून पाळण्यातच?" ती पांढरीला म्हणाली.

"पोरं भुकेली आहेत गं. तो पराग इकडे ठेव."

"काहींचा जन्मच रानासाठी असतो. मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, आपण वेगळ्या आहोत."

"असशील," पांढरी म्हणाली आणि पुढच्या घरात डोकं घातलं. तिला बोलायला वेळ नव्हता.

पुढचे काही दिवस हिरवीसारख्या शे-दीडशे जणी रानात आणि बाकीच्या आत, अशी वाटणी बसली. वय सगळ्यांचं एकच. तरी रानवाल्या दाराशी जमत आणि आतल्यांविषयी बोलत. कष्ट करणाऱ्याला दुसऱ्याचे कष्ट दिसत नाहीत, ही खोड फक्त माणसांची नसावी.

मग एका दुपारी, रानवाल्या बाहेर असताना, संशोधकांनी पेटी उघडली. राणी आणि पिलावा जागच्या जागी ठेवला आणि आतल्या दाया उचलून दूरच्या दुसऱ्या पेटीत, दुसऱ्या राणीकडे नेल्या. पांढरीही गेली.

हिरवी परतली तेव्हा जागा तीच होती, दार तेच, राणीचा वासही तोच. पराग खाणारं मात्र कुणी नव्हतं. तिनं गोळे एका घरात दाबले आणि पुन्हा गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. परागाची घरं भरत गेली आणि शेजारच्या घरांत अळ्या सुकू लागल्या. कारण अळीला पराग नुसता देऊन भागत नाही. दाईनं तो आधी स्वतः खायचा, मग तिच्या डोक्यातल्या ग्रंथींत दूध उतरतं आणि ते अळीला मिळतं. रानात जाणाऱ्या माशीच्या या ग्रंथी आक्रसलेल्या असतात. ती मकरंदावर जगते.

"हे आपलं काम नव्हे," हिरवी म्हणाली. निम्म्या जणींनी माना डोलावल्या आणि त्या अखेरपर्यंत रानातच जात राहिल्या. त्यांना मी दोष देत नाही. मकरंद कुणी तरी आणायलाच हवा होता.

हिरवीनं मात्र त्या संध्याकाळी एका घरात डोकं घातलं. अळीनं तोंड हलवलं. हिरवीपाशी द्यायला थेंबही नव्हता. ती बाहेर आली, शेजारच्या घरात गेली आणि स्वतःच आणलेला पराग खाऊ लागली. दुसऱ्या दिवशी ती दाराशी गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काही दिवसांनी ग्रंथी पुन्हा भरल्या, हार्मोन उतरलं, आणि हिरवी पुन्हा दाई झाली. हा उलटा प्रवास वरवरचा नसतो. जनुकांवर रासायनिक खुणा असतात, दाईच्या वेगळ्या, रानवालीच्या वेगळ्या. रानातून घरात परतलेल्या माशीत यांतल्या काही जनुकांवरच्या खुणा पुन्हा दाईसारख्या होतात, हे २०१२ साली जॉन्स हॉपकिन्स आणि अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवलं. सतत उडण्यानं शिकण्याची ताकद गमावलेल्या म्हाताऱ्या माश्यांपैकी काहींना तीही परत मिळते. सगळ्यांना नाही.

पलीकडच्या पेटीत सगळ्या दायाच होत्या आणि मध आटत होता. पांढरीनं कुणाला काही सांगितलं नाही. एका सकाळी ती दारातून निघाली, पेटीकडे तोंड करून घिरट्या घालत तिनं जागा नीट पाहून घेतली, आणि दोन दिवसांनी परागाचे गोळे घेऊन आली. ते गोळे जरा लहानच होते.

काही दिवसांनी दोघींनाही उचललं. माशीच्या मेंदूतली जनुकं वाचायची तर ती जागीच गोठवावी लागते. गोष्टीत हे न सांगितलं तरी चाललं असतं, पण सांगितलेलं बरं.

अर्बानाच्याच प्रयोगशाळेनं २००३ साली सुमारे ५,५०० जनुकं तपासली होती. दाई आणि रानवाली यांच्या मेंदूत त्यांतल्या ३९ टक्के जनुकांच्या कामात फरक निघाला. फरक वयाचा कमी, कामाचा जास्त होता. एकेका मेंदूवरून ती माशी काय करत होती हे ओळखायचं ठरवलं, तेव्हा ६० पैकी ५७ बरोबर आल्या. आपल्या पेटीवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीनंही त्याच पद्धतीनं हिरवी आणि पांढरीच्या मेंदूंच्या दोन नळ्या वाचल्या आणि वही घेऊन धावत वर गेली.

"माझ्याकडून चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार. हिरवी दाई निघतेय आणि पांढरी रानवाली. आधीच्या नोंदीत बरोबर उलटं आहे."

तिच्या प्राध्यापकांनी वही घेतली, पानं उलटली. "चिठ्ठ्या ठीक आहेत. तू जुनं पान बघतेयस."

"मग हिरवीपुढे काय लिहू? पेटीतून सगळ्यात आधी रानात गेली होती ती."

"उचललीस तेव्हा काय करत होती?"

"अळीला भरवत होती."

"मग तेच लिही."