भाषा वाचवण्याचं पुण्य

भाषाशास्त्राच्या पदवीसाठी लघुप्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने रायगडच्या किनाऱ्यावर विषय शोधायचा म्हटलं, तर बहुधा कोर्लईचंच नाव पुढे येतं. कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्याच्या समोर वसलेल्या या गावातली ख्रिस्ती मंडळी पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात. ते स्वतः तिला ‘नो लिंग’ म्हणतात. बोलणारे जेमतेम हजारभर. अशा प्रबंधाच्या प्रस्तावनेतलं एक वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: ही भाषा संपत चालली आहे, म्हणून तिची नोंद करून तिला वाचवणं आपलं कर्तव्य आहे. नोंद करणं कर्तव्य आहे, यात वाद नाही. पण भाषा वाचवण्याचा धर्म विद्यार्थ्याच्या माथी कोणी मारला? माझ्या मते भाषेला स्वतःचा असा जगण्याचा हक्क नसतो. हक्क असतो तो बोलणाऱ्या माणसांना. हा फरक विसरून लिहिलेला प्रबंध दयाळू वाटेल, पण खरा असणार नाही.

ही बोली टिकली कशामुळे, ते आधी पाहू. पोर्तुगीज 1521 मध्ये जवळच्या चौलला स्थिरावले, 1594 मध्ये त्यांनी कोर्लईचा डोंगर घेतला आणि 1740 च्या तहाने हा सगळा मुलूख मराठ्यांना देऊन ते निघून गेले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती वस्तीचा पोर्तुगीजशी रोजचा संबंध तुटला. शेजारच्या हिंदू-मुसलमानांशी तर तो धर्माने आणि जातीने आधीच तुटलेला होता, बेटीव्यवहाराचा प्रश्नच नव्हता. भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी 1996 च्या आपल्या ग्रंथात या बोलीची घडण मांडताना याच अलगपणावर भर दिला आहे. म्हणजे आपण ज्याला वारसा म्हणून हळहळतो, त्याची राखण बऱ्याच अंशी जातिव्यवस्थेने केली. आज कोर्लईचं मूल मराठी शाळेत जातं, तरुण अलिबागला नोकरी धरतो आणि घरातही मराठी शिरते. यात काही हरवतं हे खरंच. पण दूर ठेवलेल्या माणसांचं ते दूरपण कमी होतं, हेही तितकंच खरं. प्रस्तावनेत पहिलीच गोष्ट येते, दुसरी येत नाही. शिवाय वाचवायचं ते नेमकं कोणतं रूप? या बोलीचं वाक्य मराठीच्या वळणाने क्रियापदावर संपू लागलं आहे. पोर्तुगीजकडून आलेल्या क्रियापदांच्या तीन गणांशेजारी मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी तिने ‘उ’कारान्त असा चौथा गण तयार केला. शुद्ध म्हणून जपावं असं काही तिच्यात कधी नव्हतंच. तिचा जन्मच मिसळण्यातून झाला.

यावर कोणी म्हणेल, भाषा गेली की समाजाची ओळखही जाते. याच किनाऱ्यावरचे बेने इस्राएल या म्हणण्याला उत्तर आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आले, आणि तरीही यहुदीच राहिले. धर्माची वेगळीक राखायला त्यांना वेगळी भाषा लागली नाही. दुसरा आक्षेप मात्र सहज उडवून लावता येत नाही. बहुसंख्यांची भाषा बोलणाऱ्याने ‘जाऊ द्या’ म्हणणं फार सोपं असतं. कोर्लईच्या आईबापांनी मराठी निवडली म्हणताना शाळेने आणि पोटाने त्यांच्यापुढे दुसरं काय ठेवलं होतं, हेही विचारायला हवं. हे मला मान्य आहे. म्हणून उद्या कोर्लईकरांनी शाळेत आपल्या बोलीला जागा मागितली, तर ती मिळालीच पाहिजे. पण ती मागणी त्यांची असेल. प्रबंध लिहिणाऱ्याने त्यांच्या वतीने परस्पर करायची नव्हे.

मग न वाचवता नोंद करून काय मिळतं? संस्कृत वैयाकरण पतंजली म्हणतो की मडकं हवं असणारा कुंभाराकडे जातो, पण शब्द हवे म्हणून कोणी वैयाकरणाच्या दारी जात नाही. तरीही साधु, म्हणजे व्याकरणशुद्ध, शब्दाच्या प्रयोगात धर्म आहे, असंही तोच मानतो. माझी त्याच्याशी फारकत इथेच होते. गंमत अशी, की अपभ्रंश म्हणून नाकारताना त्याने गावी, गोणी, गोता, गोपोतलिका ही ‘गो’ शब्दाची लोकांच्या तोंडची रूपं लिहून ठेवली, आणि आज ती आपल्याला माहीत आहेत. त्याला ती वाचवायची नव्हती. नोंद अचूक होती, तेवढं पुरलं.

तेव्हा कोर्लईला जाणाऱ्या विद्यार्थ्याने सर्वांत म्हातारं, सर्वांत ‘अस्सल’ बोलणारं माणूसच शोधत बसू नये. अर्ध्या वाक्यात मराठीवर येणाऱ्या पोरांचं बोलणंही तितक्याच आदराने टिपावं. प्रबंध बहुधा इंग्रजीत सादर होईल; त्याचा मराठी गोषवारा आणि ध्वनिमुद्रणांची प्रत गावात द्यावी, आणि तिचं काय करायचं ते गावाला ठरवू द्यावं.