नातलगाच्या घरीं वाढलेलें मूल

मूल नातलगाच्या स्वाधीन करणें ही आपल्या खेड्यापाड्यांत नवी गोष्ट नव्हे. बीडकडील ऊसतोडीचें जोडपें मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या वाटेस लागतें, तेव्हां शाळेंतलें लेकरूं आजीच्या किंवा आत्याच्या पदरीं ठेवतें. कोणाची आई आजारी पडते, कोणाचा बाप मुंबईस कामास जातो. कागद होत नाहीं, मुदत ठरत नाहीं. "जरा सांभाळा" एवढाच शब्द. एका हंगामाचीं चार वर्षें होतात. मग एके दिवशीं आईबाप मुलास न्यावयास येतात आणि आत्या दारांत उभी राहून विचारते, "दादा, इतकीं वर्षें कोठें होतास?"

प्रश्न कठोर आहे, पण वावगा नाहीं. वाईट इतकेंच कीं पुढें बाप बोलूं लागतो तो गहाण भांडें सोडवून नेणाऱ्यासारखा, आणि आत्या बोलते ती दुसऱ्याची पडीक जमीन कसून वहिवाटीचा हक्क सांगणाऱ्यासारखी. मूल भांडें नव्हे व जमीनहि नव्हे.

आईबापांचा हक्क त्यांच्या कर्तव्यांतून निघतो, असें मला वाटतें. अडचणीच्या काळीं तें कर्तव्य दुसऱ्याच्या हातून करवून घेतलें म्हणून तें संपत नाहीं, व म्हणून हक्कहि संपत नाहीं. पण जो हक्क मुलासाठींच आहे, तो मुलाकडे पाठ करून बजावतां येत नाहीं. घरीं दारू व मारझोड चालू असेल तर गोष्टच वेगळी. तेथें मूल अडविणारी आत्याच आपलें कर्तव्य करीत असते.

मद्रासकडील नारायणय्या ह्यांनीं १९१० सालीं आपले दोन पुत्र, कृष्णमूर्ति व नित्यानंद, अ‍ॅनी बेझंट बाईंच्या स्वाधीन केले, व पुढें ते परत मागितले. मद्रासच्या न्यायालयानें बापाच्या बाजूनें निकाल दिला. १९१४ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तो फिरविला. तरी बापानें दिलेला ताबा त्यास परत घेतां येतो, हें तत्त्व तेथेंहि मान्य झालें. त्यास पुस्ती जोडली ती अशी: मध्यंतरीं मुलांचे जे संबंध व जीं मतें बनलीं, तीं मोडणें त्यांच्या हितास बाधक असेल तर न्यायालय आड येईल. शिवाय मुलें इंग्लंडांत होतीं, आणि त्यांची इच्छा काय हें कोणीं विचारिलेंच नव्हतें. सगळ्या खटल्यांत मला हीच गोष्ट मोठी वाटते.

१८९० चा पालक व पाल्य कायदा अद्याप चालू आहे. त्यांतहि मुलाचें कल्याण पाहावें, व तें समजत्या वयाचें असल्यास त्याची पसंती लक्षांत घ्यावी, असें आहे. वाढविलें म्हणजे मूल दत्तक झालें, हा आपल्या लोकांतील समज मात्र खोटा आहे. १९५६ चा हिंदु दत्तकाचा कायदा ख्रिस्ती लोकांस लागूच नाहीं. आणि ज्यांस लागू आहे त्यांच्यांतहि नुसत्या सांभाळण्यानें दत्तक होत नाहीं. मे २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्रांतील एका आईवेगळ्या लहान मुलीचा ताबा मावश्यांकडून बापास देवविला, परंतु मावश्यांनीं तिला भेटत राहावें अशी व्यवस्थाहि लावून दिली.

खेड्यांत कोर्टापर्यंत क्वचितच कोणी जातो. तेव्हां बापानें पहिल्या खेपेस मूल न्यावयास येऊंच नये. नुसतें मुक्कामास यावें. मग दोन दिवस मुलास आपल्या घरीं नेऊन परत आणून सोडावें. न्यावयाचेंच तर जूनमध्यें शाळा उघडण्यापूर्वीं न्यावें. आत्यानें खाण्यापिण्याचा हिशेब मांडून मूल अडवूं नये. खर्चाचें बोलणें वेगळें, आणि मुलाच्या देखत नव्हे. उपदेशक बंधूंनो, तुम्ही पंच म्हणून बसाल तर आधीं मुलाशीं बोला. तें बापासमोर बापाचें नांव घेईल, आत्यासमोर आत्याचें. त्यास विहिरीपर्यंत बरोबर घेऊन चला. पुष्कळदां तें कोणाचेंच नांव घेत नाहीं. तिकडची शाळा किती लांब आहे, एवढेंच विचारतें.