हौसेचे मोल

तुंगार्लीहून रोज पिंपरीला जाणाऱ्या माझ्या पुतण्याला पाडव्याच्या मुहूर्तावर मोटार घ्यायची आहे. नव्या छोट्या मोटारीच्या पैशांत त्याला दहा वर्षे वापरलेली मर्सिडीज मिळते आहे. "काका, कोणती घेऊ?" त्याने विचारले आणि मी पेचात पडलो.

शहाणपण म्हणते, छोटी घे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ने मध्यमवर्गाला हेच शिकवले. जुन्या मोटारीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून त्याचा चारा स्वस्त होत नाही. शिवाय नोंदणी १५ वर्षांची; पुढे पुन्हा तपासणी आलीच.

पण हौसेला मोल नसते, असेही आपणच म्हणतो. केवळ उपयोगाचाच हिशेब मांडायचा, तर दारात रांगोळी तरी कशाला? हौस हा दोष नव्हे. हौसेच्या वेषात येणारे मिरवणे हा दोष. दोन्ही ओळखायची कशी? पहाटेच्या धुक्यात, तुंगार्लीच्या तलावाकडे जाताना, बघणारे कोणी नसतानाही तीच मोटार हवीशी वाटली, तर ती हौस.

मग दुसरा प्रश्न: तिचे मोल देणार कोण? स्वतःच्या चैनीला कात्री लावून दिले, तर खुशाल घ्यावी. त्यापायी मुलीचे शिक्षण अडणार असेल, तर हौस त्याची आणि हप्ता तिचा!

पुतण्या जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आधी घरात विचारतो."

पाडव्याच्या ओवाळणीपूर्वी विचारलेले बरेच.