रश्श्याचे सत्त्व

हिंजवडीच्या कचेऱ्या सुटल्यावर गजबजणाऱ्या वाकडच्या मद्यालयांत व उपाहारगृहांत ‘थाई ग्रीन करी’ म्हणून जो जिन्नस वाढला जातो, त्यात कुलिंजनाऐवजी आले आणि तेल सुटेतो आटविलेल्या नारळाच्या दुधाऐवजी मक्याच्या पिठाचा दाटपणा जेव्हा आढळतो, तेव्हा माझी निराशा केवळ जिव्हेची राहत नाही. घटक बदलले म्हणजे सत्त्वही लोपते काय? बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजास रथाच्या दृष्टांताने हे पटविले की, चाक वा आस म्हणजे रथ नव्हे, त्यांच्या विशिष्ट संयोगास रथ म्हणावयाचे.

शुद्धतेचा हट्ट मी धरीत नाही. खुद्द मिरचीच १६व्या शतकात पोर्तुगीज व्यापाराबरोबर अमेरिकेतून आशियात आली. परंतु थाई स्वयंपाकिणींनी ती गवती चहा, कुलिंजन व खारवलेल्या कोळंबीच्या लगद्यासह कुटून नवा संयोग सिद्ध केला. येथे तो संयोगच मोडला असून केवळ नाव उरले आहे. गवती चहा तर आपल्या परसात उगवतो, सबब दुर्मिळतेची तक्रार टिकत नाही. उणीव आहे ती कुटण्याच्या श्रमांची आणि परक्या परंपरेविषयीच्या आदराची; पुरणाऐवजी बटाटा भरलेली पोळी परदेशी कोणी पुरणपोळी म्हणून विकली, तर तोच आदर आपण हक्काने मागू.