हिशेबाबाहेरची पिल्लं

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं ओक रिज हे गाव अणुबॉम्बच्या युरेनियमसाठी युद्धकाळात वसवलं गेलं. युद्ध संपल्यावर, 1947 साली, विल्यम आणि लियान रसेल हे दांपत्य तिथल्या प्रयोगशाळेत आलं आणि त्यांनी उंदरांची मोठी वसाहत उभी केली. त्यांना एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. किरणोत्सर्ग अंगावर घेतलेल्या बापाची किंमत त्याची पिल्लं किती मोजतात?

त्यांनी शोधलेली रीत फार देखणी होती. किरणं दिलेल्या नराची जोडी एका खास वाणाच्या मादीशी लावायची. या मादीत सात ठरावीक जनुकांच्या दोन्ही प्रती अप्रभावी. त्यामुळे बापाकडून आलेली प्रत शाबूत असली, तर पिल्लू रानटी उंदराच्या नेहमीच्या करड्या-पिंगट रंगाचं. ती बिघडली असली, तर पिल्लू काळं, तपकिरी, फिकट, पांढऱ्या डागांचं, गुलाबी डोळ्यांचं किंवा आखूड कानांचं. तपासणाऱ्याने पेटीचं झाकण उघडून आत पाहायचं, की उत्परिवर्तन नजरेला दिसलंच. याच पद्धतीने रसेल मंडळींनी 1958 मध्ये दाखवून दिलं की तेवढीच मात्रा सावकाश दिली, तर बिघाड कमी होतात. किरणोत्सर्गाच्या आनुवंशिक परिणामांची चर्चा पुढे कित्येक वर्षं या उंदरांच्या आधाराने चालली.

पण असा प्रयोग दोन पायांवर उभा असतो. किरणं दिलेले उंदीर हा एक पाय, आणि किरणं न दिलेले, म्हणजे तुलनागट, हा दुसरा. निसर्गतः मुळात किती बिघाड होतात हे कळल्याशिवाय किरणांनी किती वाढवले ते सांगता येत नाही. ओक रिजच्या तुलनागटाचा दीर्घकाळ वापरला गेलेला आकडा होता 5,31,500 पिल्लांमध्ये 28 उत्परिवर्तनं. सुमारे एकोणीस हजार पिल्लांमागे एक.

आता एक पेटी डोळ्यांसमोर आणा. किरणांचा स्पर्शही न झालेल्या जोडप्याची पिल्लं आहेत, आणि त्यांतली पाच एकाच वेगळ्या रंगाची आहेत. पाच वेळा पाच वेगवेगळे अपघात झाले असं कुणी मानणार नाही. बापाच्या जन्माच्याही आधी, गर्भ अगदी कोवळा असताना एका पेशीत बिघाड झाला आणि तिच्यापासून बनलेल्या बीजपेशींच्या मोठ्या हिश्श्यात तो उतरला. अशा पिल्लांच्या झुंडीला अभ्यासक ‘क्लस्टर’ म्हणतात. हे एक मोजायचं, पाच मोजायचं, की शून्य? 28 च्या हिशेबात पाचाची भर म्हणजे जवळजवळ अठरा टक्के. सुमारे सदतीस लाख जनुकं तपासण्याचे कष्ट एका बाजूला, आणि मोजण्याचा एक नियम दुसऱ्या बाजूला.

त्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या पॉल सेल्बी यांनी 1990 च्या दशकात नेमका हा प्रश्न उपस्थित केला. तुलनागटातले असे बरेच क्लस्टर प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत धरलेच गेलेले नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. रसेल दांपत्याने 1996 मध्ये या उत्परिवर्तनांवर स्वतंत्र निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की हे बिघाड फलनाच्या आसपासच्या अगदी वेगळ्या टप्प्यावर घडतात, तर किरणांचा परिणाम आपण प्रौढ नराच्या बीजपेशींत मोजतो, म्हणून दोन्ही एका मापात घालणं चूक. सेल्बींचं म्हणणं असं, की पुढच्या पिढीवर पडणारा नैसर्गिक बोजा सगळ्याच बिघाडांचा असतो, तेव्हा सगळेच धरा.

या हिशेबावर बरंच अवलंबून होतं. निसर्गतः जितके बिघाड होतात तितकेच आणखी घडवायला किती किरणोत्सर्ग लागेल, या आकड्यावरून माणसाचा आनुवंशिक धोका ठरवला जात असे. नैसर्गिक आकडा वाढला की ही मात्राही वाढते, म्हणजेच तीच किरणं कमी घातक ठरतात. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने 2001 मध्ये नैसर्गिक दर उंदरांऐवजी माणसांच्याच माहितीवरून घेतला. त्यामागच्या कारणांत हा क्लस्टरचा पेचही होता.

मला दोन्ही बाजूंचा जीवशास्त्रीय युक्तिवाद पटण्याजोगा वाटतो, आणि म्हणूनच मी अस्वस्थ होतो. जिथे दोन शहाणी माणसं दोन निर्णय घेऊ शकतात, तिथे निर्णय झाला आहे हे तिसऱ्याला दिसलंच पाहिजे. वगळणं हा गुन्हा नव्हे. न सांगता वगळलं, की वाचकाचा निवाड्याचा हक्क जातो.

ही न सांगता वगळण्याची सवय किती लवकर लागते ते मी स्वतःच्या हाताने अनुभवलं आहे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी टायट्रेशन करताना ब्युरेटची तीन रीडिंग घ्यायची आणि ‘कॉन्स्टंट रीडिंग’ लिहायचं. माझी दोन जुळली, तिसरं 0.4 ने पुढे गेलं. मी ते रबराने खोडलं, वर पहिलंच पुन्हा लिहिलं, आणि जर्नलवर सही मिळाली. त्या 0.4 मध्ये काय होतं, माझा हात की द्रावणाची चूक, हे आता कधीच कळणार नाही. खाडाखोड करून मी आकडा खोटा केला, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच्याविषयीचा प्रश्नच पुसून टाकला.

आनुवंशिकीतज्ज्ञ हर्मन मुलर यांच्यासारख्या थोर माणसाभोवतीही असाच वाद फिरतो. 12 डिसेंबर 1946 च्या नोबेल व्याख्यानात त्यांनी ठामपणे मांडलं, की उत्परिवर्तनाच्या बाबतीत अमुक मात्रेखाली धोका नाही अशी सीमारेषाच नसते. त्याआधी महिनाभर अर्न्स्ट कास्पारी यांच्या फळमाश्यांवरच्या प्रयोगाचं हस्तलिखित त्यांच्या हाती आलं होतं. मंद मात्रेत लक्षणीय वाढ दिसली नव्हती. विषशास्त्रज्ञ एडवर्ड कॅलाब्रेस यांनी जुन्या पत्रव्यवहारातून हे पुढे आणलं. तिथेही शंका तुलनागटावरच होती. त्यातलं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त नाही ना? शंका रास्त होती. ती व्याख्यानात एका वाक्यात बोलून दाखवता आली असती.

आज काही जण या दोन्ही प्रकरणांवरून म्हणतात, की किरणोत्सर्गाची सगळी भीतीच बनावट आहे. तसं नाही. आजच्या मर्यादांचा मुख्य आधार हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांमधला कर्करोग आहे, उंदरांचे रंग नाहीत. पण न सांगितलेला आकडा उशिरा बाहेर आला, की लोक त्याच्या शेजारच्या खऱ्या आकड्यांवरही संशय घेऊ लागतात. एक्स-रे खोलीत छातीला किरणांची मात्रा मोजणारा बॅज लावून उभा असलेला तंत्रज्ञ त्या बॅजच्या मर्यादेवर भरवसा ठेवतो. तो ओक रिजचे तक्ते तपासायला जाणार नाही. त्याच्या वतीने कुणीतरी ते तपासू शकेल, एवढी सोय मात्र तक्ता लिहिणाऱ्याने ठेवायला हवी.

पेटीतली ती पाच पिल्लं एक धरायची, पाच धरायची की हिशेबाबाहेर ठेवायची, हे शास्त्रज्ञाने आपल्या बुद्धीला स्मरून ठरवावं. ती पेटीत होती, एवढं मात्र लिहून ठेवावं.